मिनोरीचे दहा आकडे

मिनोरीला घालवून शिगेतो हिदाकाला दीड लाख येन मिळणार होते. शिवाय मांसाच्या भावाने तिचे येतील ते वेगळे. म्हाताऱ्या गायीला त्या वर्षी दोन लाखांच्या आसपास भाव होता. जहाजाचं भाडं सहकारी संस्था भरणार होती. म्हणजे झाले साडेतीन लाख, आणि तेही नुसता एका कागदावर शिक्का उठवून. शिगेतोने हा आकडा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिल कानावर अडकवून बराच वेळ गोठ्याकडे बघत बसला.

मिनोरी सोळा वर्षांची होती. काळी, डाव्या शिंगाचं टोक जरा आत वळलेलं. ती जन्मली त्याच आठवड्यात तिकडे ओसाकात शिगेतोच्या मुलाला मुलगी झाली, आणि बेटावरच्या पद्धतीप्रमाणे नातीचं नाव कालवडीला मिळालं. बेटावरच्या निम्म्या गोठ्यांत लोकांच्या नाती आणि सुना बांधलेल्या असत. खरी मिनोरी सहा वर्षांची असताना एकदा येऊन गेली, गायीच्या नाकाला हात लावून किंचाळली, आणि पुन्हा काही आली नाही. शिगेतोची बायको जाऊनही नऊ वर्षं झाली होती. नात आता केवढी झाली असं कुणी विचारलं की शिगेतो गायीचं वय सांगायचा, आणि ते बरोबर निघायचं.

योजना तोक्योहून आली होती. परदेशात जाणारं गोमांस काही वर्षांत दुप्पट करायचं असं सरकारच्या मनात होतं, आणि परदेशातल्या लोकांना हवं होतं पांढऱ्या चरबीची बारीक जाळी असलेलं मांस. ती जाळी नव्या रक्ताच्या गायींच्या वासरांत उतरते, जुन्यांच्या नाही. तेव्हा दहा वर्षांवरची गाय मार्चअखेर गोठ्यातून काढा, तिच्या जागी चांगल्या कुळाची कालवड आणा, गायीमागे दीड लाख घ्या. बेटाच्या वाट्याला बारा गायी आल्या होत्या. संस्थेच्या सभागृहात जिल्ह्याच्या साहेबाने पडद्यावर कुठल्याशा परदेशी हॉटेलातलं ताट दाखवलं. मोठ्या ताटात तीन काप होते. त्यांची किंमत येनमध्ये सांगितल्यावर सभागृहात कुणीतरी खोकलं.

"तीन काप?" मागच्या रांगेतून फुमिए निशिझोनो म्हणाली. "मग बाकीची गाय कोण खातं?"

साहेब हसला आणि त्याने हा प्रश्न वहीत टिपून घेतला. फुमिएचं एवढ्यावर भागलं नाही. "दहा वर्षांवरच्या म्हाताऱ्या काढा म्हणता," ती म्हणाली, "या सभागृहात सत्तरच्या खालचं कोण बसलंय ते आधी मोजा."

फुमिए शिगेतोची शेजारीण. तिच्या गोठ्यापासून याच्या गोठ्यापर्यंत दोनशे वीस पावलं; एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला हिवाळी गवत. ती अठ्ठ्याहत्तरची, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, म्हणून तो तिला फुमिए-नेसान म्हणायचा, म्हणजे ताई, आणि ती त्याला नुसतं शिगे. तिचा नवरा समुद्रात गेला, मुलगी फुकुओकात. तिच्याकडे तीन गायी होत्या, त्यांतली तोकी पंधरा वर्षांची. चाळीस वर्षं शेजारी राहून दोघांचं बोलणं मुख्यतः तक्रारींत व्हायचं. तुझं पाणी माझ्या बांधावर येतं, तुमचा कोंबडा माझ्या उसात शिरतो, असं.

युक्ती काढली तिने. नोव्हेंबरातल्या एका दुपारी तिने त्याला पडवीत बसवून चहा दिला, सोबत काळ्या गुळाचा खडा, आणि योजनेचा कागद समोर ठेवला.

"वाच. काय लिहिलंय? गोठ्यातून काढा. कुठे घाला, ते लिहिलंय?"

शिगेतोने चष्मा लावून कागद तीनदा वाचला. लिहिलेलं नव्हतं. म्हातारी गाय खाटकाशिवाय आणखी कुणी विकत घेईल, हे तोक्योत कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं. एवढंच होतं की काढलेली गाय त्याच गोठ्यात पाच वर्षांच्या आत परत आली, तर तिच्याशी संबंधित सगळ्या फायली पुन्हा उघडतील आणि पैसे व्याजासकट परत द्यावे लागतील.

"माझी तोकी तू घे, तुझी मिनोरी मी घेते," फुमिए म्हणाली. "कागदावर. तपासणी झाली की ज्याची त्याच्याकडे. दीड लाख तुला, दीड लाख मला. गायी जागच्या जागी."

"आणि पाच वर्षांनी?"

"पाच वर्षांनी या दोघी असतील? तू असशील?"

व्यवहार कागदावरचा असला तरी त्यात किंमत लिहावी लागते. फुमिए म्हणाली, दोन्हींकडे एक लाख लिहू. शिगेतोला ते पटेना. तोकी एका वर्षाने लहान होती हे खरं, पण मिनोरीने तेरा वासरं दिली होती, तोकीने अकराच. फुमिएचं म्हणणं, तेरा दिली म्हणूनच ती झिजली, पाच हजार कमी घे. जे पैसे कुणी कुणाला देणार नव्हतं, त्यांवरून दोघांनी अर्धा तास घासाघीस केली. शेवटी दोन्हींकडे एक लाखच लिहिलं. नोंदणी फीचे आठशे येन तेवढे खरे होते. ते ज्याने त्याने भरावेत असं ठरलं, तेव्हा शिगेतोने आपल्या वाटणीचा चहा संपवला.

नोंदणीला संस्थेच्या मिझोगुचीबाई आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, आणि बेटावरच्या प्रत्येक गायीची आई-आजी तोंडपाठ असलेल्या. गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर दहा आकडे असतात; जन्मापासून ताटापर्यंत ते तिच्याबरोबर जातात. बिल्ला बदलता येतो, म्हणून नाकाचाही ठसा घेतात. मिझोगुचीबाईंनी मिनोरीचं नाक फडक्याने पुसलं, शाई लावली, कागद दाबला. मिनोरीने शाई चाटून बाईंच्या बाहीला काळी जीभ लावली. बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

"दोघांनाही एकमेकांच्या म्हाताऱ्या गायी फारच आवडलेल्या दिसतात," त्या म्हणाल्या.

बेटाच्या वाट्याच्या बारांपैकी तोवर सातच गायी भरल्या होत्या. मिझोगुचीबाईंनी शिक्का मारला आणि गोठ्याची तपासणी नऊ दिवसांनी ठेवली.

ते नऊ दिवस गायींना खरोखरच एकमेकांच्या गोठ्यात राहावं लागलं. दुसऱ्याच दिवशी पहाटे मिनोरी दावं सोडवून आपल्या दारात येऊन उभी राहिली. तिला परत नेलं. कोंडा कोमट पाण्यात भिजवून, वर हाताने दाबून दिल्याशिवाय ती खात नसे, आणि दाबायचा किती ते शिगेतोलाच ठाऊक. तोकी पुरुषाच्या हातचं खाईना. म्हणून रोज सकाळी शिगेतो दोनशे वीस पावलं तिकडे आणि रोज संध्याकाळी फुमिए दोनशे वीस पावलं इकडे. संध्याकाळी आलीच आहे तर थोडं सूप उरलंय असं म्हणून तिने पहिल्याच दिवशी पातेलं आणलं. दुसऱ्या दिवशी त्याने भात जास्त टाकला. रॉकेलचा हिशोब त्याने तिला करून दाखवला: दोन घरांत दोन शेगड्या जाळण्यापेक्षा एका घरात एक जाळली, तर दोघांचे मिळून दिवसाला एकशे तीस येन वाचतात.

"मला गरम राहायचे पैसे पडतात ते पडतात," फुमिए म्हणाली. "तू बोलतोस ते ऐकायचे कोण देणार?"

ती नऊही संध्याकाळी जेवायला थांबली.

तपासणी झाली, बिल्ले जुळले, कागद पुढे गेले. त्याच संध्याकाळी गायी ज्याच्या त्याच्या गोठ्यात गेल्या आणि जेवणंही ज्याच्या त्याच्या घरात गेली. पुढचे चार दिवस शिगेतो जेवणाच्या वेळी दिवा लावून बसला. काहीतरी निमित्त काढावं असं त्याला वाटत होतं, पण बांधावरचं पाणी त्या वर्षी कुठेच वाहत नव्हतं आणि कोंबडा आधीच मेला होता. तो मिनोरीशी बोलायचा. ती रवंथ करत ऐकायची आणि अधूनमधून कान हलवायची. नवी कालवड आली तिला सात लाख ऐंशी हजार पडले. कागदावर तिचं कूळ असं होतं की मिझोगुचीबाईंनी दोनदा वाचलं. शिगेतो तिला नवी म्हणायचा. ती त्याच्याकडे बघतही नसे.

फेब्रुवारीत फुमिए गोठ्यातल्या ओल्या फरशीवर घसरली. सकाळी तिच्या गायी हंबरत होत्या म्हणून शिगेतो गेला, तर ती गव्हाणीला धरून बसलेली. "तोकीला आधी खायला घाल," ती म्हणाली, "मग माणसं बोलाव." खुब्याचं हाड मोडलं होतं. हेलिकॉप्टरने तिला मुख्य भूमीवर नेलं. तीन दिवसांनी तिची मुलगी काझुयो आली. बाई सरळ होती. मिठाईचं खोकं शिगेतोपुढे ठेवून, गुडघे टेकून तिने त्याचे आभार मानले. आईला आता एकटं राहता येणार नाही, फुकुओकातल्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, पण सुरुवातीची रक्कम लगेच भरायचीय. घर राहू दे, गायी तेवढ्या काढायच्या. गुरुवारचं जहाज गाठायचं होतं, नंतरचे आठ दिवस वारा असणार.

"आईला विचारलं?" शिगेतो म्हणाला.

"ती म्हणते गायींचं शिगेला कळतं. काका, गुरुवारपर्यंत तुम्ही खायला घालाल ना त्यांना?"

तो म्हणाला, घालतो.

बुधवारी दुपारी मिझोगुचीबाईंचा फोन आला. निशिझोनोंच्या गोठ्याची यादी वाचून दाखवते, म्हणाल्या. चार जनावरं. नवी कालवड आणि दोन गायी बेटावरच तिघांनी घेतल्या. चौथीला वयामुळे गिऱ्हाईक नाही, ती जहाजाने मांसाला जाईल. मग त्यांनी चौथीचा क्रमांक सावकाश वाचला. दहाही आकडे. शिगेतोला मिनोरीचे आकडे पाठ होते, तरी त्याने मध्ये अडवलं नाही.

"त्यात एखादा आकडा चुकला असेल तर?" त्याने विचारलं.

"तर कुठल्या दिवशी चुकला ते मला लिहावं लागेल, हिदाका-सान. आणि त्या दिवसापासून दोघांकडून वसूल होईल. पहिलं नाव निशिझोनो-सानचं, कारण अर्ज त्यांचा आधी आला होता." फोनवर कागद हलल्याचा आवाज आला. "मी आठ वाजता येते. आठच्या आधी नाही."

त्या संध्याकाळी शिगेतोने सगळे मार्ग तपासले. आपले दीड लाख तो परत करायला तयार होता. पाकीट कपाटातून काढून त्याने टेबलावर ठेवलंही, आणि ज्यांनी त्याला चाळीस वर्षं पाहिलंय त्यांना यावरूनच कळेल की गोष्ट किती टोकाला गेली होती. पण त्याची फाईल उघडली की फुमिएची उघडणार, तिचे दीड लाख व्याजासकट जाणार, वृद्धाश्रमाची रक्कम तुटणार, आणि मुलीला आईचा उद्योग कळणार. तिचेही आपणच भरावेत, तर तिचं नाव लपत नाही. मिनोरी विकत घ्यावी, तर पाच वर्षांचं कलम. तोकीला मिनोरीचा बिल्ला लावावा, तर जहाजाआधी नाकाचा ठसा. आणि खरं म्हणजे जायला हवी होती ती तोकी. फुमिएची गाय, फुमिएचा गोठा. कागद मध्ये आला नसता, तर तोकीच गेली असती आणि शिगेतोने हळहळून एक वाटी साकेची दारू घेतली असती. पण खुबा मोडून बसलेली बाई पहिलं वाक्य तोकीबद्दल बोलली होती, आणि ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

सकाळी साडेसहाला त्याने कोंडा कोमट पाण्यात भिजवला. नेहमीपेक्षा दोन मुठी जास्त घातला, वर हाताने दाबला. मिनोरीने खाल्ला. मग त्याने कासरा लावला आणि ते निघाले. ऊस कापून झाला होता, त्यामुळे एका बाजूला सगळं मोकळं दिसत होतं, पार समुद्रापर्यंत. गवताच्या कडेला ती नेहमीसारखी थांबली, त्यानेही थांबू दिलं. नोव्हेंबरात तिला ओढत न्यावं लागलं होतं. आज ती त्याच्या मागून आपणहून आली, कारण आज त्याला घाई नव्हती.

फुमिएच्या गोठ्यात त्याने मिनोरीला तोकीच्या जागी बांधलं आणि तोकीला सोडलं. तोकी दारात पाय रोवून उभी राहिली. दोनशे वीस पावलांना तिने पाऊण तास घेतला.

आठला ट्रक आला. मिझोगुचीबाईंनी बिल्ला वाचला, नाक पुसलं, शाई लावली, कागद दाबला, आणि नोव्हेंबरातल्या कागदाशी ताडून पाहिला. जुळला. काझुयो ट्रकच्या बाजूला उभी राहून गायीला वाकून नमस्कार करत होती. आईची लाडकी हीच ना, असं तिने विचारलं. शिगेतो म्हणाला, हो, हीच.

मिनोरी सोळा वर्षांत कधी गाडीत चढली नव्हती. ड्रायव्हरने मागून ढकलायची तयारी केली होती. शिगेतोने त्याला थांबवलं, बादली नेऊन आत ठेवली, आणि ती फळीवरून चालत वर गेली. बादलीत तोंड घातलं. फळी बंद झाली तेव्हा तिच्या शिंगाचा फक्त वळलेला शेंडा दिसत होता. तिची वासरं परदेशातल्या ताटांपर्यंत गेली असतील नसतील. तिला स्वतःला कुणी तिथवर नेणार नव्हतं. म्हाताऱ्या गायीचा खिमा होतो आणि तो देशातच संपतो.

मिझोगुचीबाई शेवटी निघाल्या. जाताना त्यांनी शाईचं फडकं घडी करून पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "तुमच्या गोठ्यातली तोकी नवीन जागी खात नसेल, तर कळवा."

"खाईल," शिगेतो म्हणाला.

तोकीने तीन दिवस काही खाल्लं नाही. रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून हंबरत राहिली. चौथ्या दिवशी शिगेतोने फुमिएच्या पडवीतून तिचा निळा ॲप्रन आणला, अंगावर बांधला, डोक्याला तिचा रुमाल गुंडाळला, आणि तसा गव्हाणीपुढे जाऊन उभा राहिला. तोकीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन घास घेतले, तोंड फिरवूनच.

त्या संध्याकाळी त्याने फुकुओकाला फोन लावला. फुमिएचा आवाज बारीक झाला होता, पण जीभ तशीच होती. खोलीत तिघी आहेत म्हणाली, एक घोरते, एक रडते, आणि सूप म्हणून जे देतात त्यात बोट बुडवलं तर बोट स्वच्छ निघतं. मग मुद्द्यावर आली.

"तोकी खाते का?"

"खाते."

"तुझ्या हातचं?"

"माझ्याच."

"आणि तुझी म्हातारी?"

शिगेतोच्या अंगावर अजून ॲप्रन होता. त्याने त्याची गाठ चाचपली. "तीही खाते," तो म्हणाला. "दोघींना शेजारी बांधलंय. तोकी तिचा कोंडा चोरते."

"चोरायचीच," फुमिए समाधानाने म्हणाली. "उद्या सांग काय काय केलं ते."

तेव्हापासून तो रोज संध्याकाळी फोन करतो आणि दोन गायींची हकीकत सांगतो. तोकीची पाहून सांगतो. मिनोरीची सांगायला थोडा वेळ लागतो, म्हणून जेवताना तो आधी ठरवून ठेवतो. परवा तिने दावं सोडवलं. काल तिने नवीला शिंग दाखवलं. ओसाकाची मिनोरी केवढी झाली असं एकदा फुमिएने विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा अडखळला आणि मग सतरा म्हणाला.

सरकारने दोघांना मिळून तीन लाख दिले, ते दोन कालवडींत गेले. मुख्य भूमीवरच्या व्यापाऱ्याने मिनोरीचे दोन लाख बारा हजार दिले, ते काझुयोने आश्रमात भरले. त्यात फुमिएची खिडकीजवळची खाट झाली. नोंदणीचे आठशे ज्याने त्याने आधीच भरले होते. मार्चचं फोनचं बिल चार हजार सहाशे चाळीस आलं. ते शिगेतोने पोस्टात जाऊन भरलं.